पाठमोरी मार्लिस

आभार मानण्याचा मला तिटकारा आहे, कारण मला ते फार शिकवलं गेलं. कोणी दार उघडून धरलं, आभार मान. बसवाल्याने पायरी खाली घेतली, आभार मान. बाईंनी कोटाची चेन लावून दिली, काय म्हणायचं आर्वो? सेहेचाळीस वर्षांत मी जितके आभार मानलेत तितके अमेरिकेतल्या या डुलुथमध्ये दुसऱ्या कोणी मानले नसतील. त्यातले निम्मे अशा लोकांचे, ज्यांनी मला दार हवंय की नको हेही विचारलं नव्हतं. तेव्हा हे जे लिहितोय ते कोणी सांगितलं म्हणून नाही, एवढं आधी ध्यानात घ्या.

जन्मताना मला श्वास मिळायला काही मिनिटं उशीर झाला. उजवा हात मुठीत वळलेला, पाय कैचीसारखे एकमेकांत अडकतात, चालायला चार पायांचा वॉकर लागतो. बोलणं असं की नवख्या माणसाला वाटतं हा सकाळीच पिऊन आलाय. डोकं शाबूत आहे. हे मी सांगितलं की लोक गोड हसतात, म्हणजे त्यांना ते पटलेलं नसतं.

बावीस वर्षं मी टेकडीवरच्या कार्यशाळेत पिशव्या भरल्या. एका पिशवीत आठ स्क्रू, आठ चकत्या, एक वाकडी किल्ली. तीस अपंग माणसं, लांब टेबलं, रेडिओवर कायम एकच स्टेशन. धडधाकट माणूस तासाला किती पिशव्या भरतो ते घड्याळ लावून मोजायचं आणि त्याच्या मानाने आम्हाला अर्धा, पाव, जो काय बसेल तो मोबदला द्यायचा. हे कायद्याने चालतं. परवानगीचा कागद काचेच्या चौकटीत भिंतीवर लावलेला होता, आणि तो वाचू शकणारा त्या खोलीत बहुधा मी एकटाच होतो. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तिथली एक रीत होती. पिशवी भरली की ती डाव्या हातात वर धरायची. टेबलांमधून फिरणारी बाई बघायची आणि मान हलवायची, मगच पिशवी खोक्यात टाकायची. मान हलायच्या आत टाकली तर सगळं खोकं टेबलावर उपडं करून पुन्हा मोजायला लावायचे. बाई कॉफीला गेली असेल तर हात वर धरून बसायचं. आम्ही बसायचो. आली की म्हणायची, "शाब्बास राजा!" माझे केस पांढरे व्हायला लागले तरी मी राजाच होतो.

सरकारी नियम असा आहे की वर्षातून एकदा कोणीतरी बाहेरचं येऊन आमच्यातल्या प्रत्येकाला विचारायचं, बाबा रे, तुला बाहेर नोकरी करायची आहे का? दरवर्षी कोणीतरी यायचं. मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभा राहायचा. "आर्वो इथे खूश आहे," असं तो म्हणायचा आणि कागदावर खूण व्हायची.

त्या वर्षी मार्लिस हाउगेन आली. पन्नाशी उलटलेली, रुंद बांध्याची, पायात पुरुषी बूट, केस स्वतःच कापल्यासारखे. तिचं काम म्हणजे आमच्यासारख्यांना नोकरी शोधून द्यायची आणि सुरुवातीला तिथे सोबत उभं राहून काम अंगवळणी पाडायचं. त्याला इथे जॉब कोच म्हणतात. पगार सरकार देतं.

"आर्वो इथे खूश आहे," मॅनेजर म्हणाला.

"मी यांना विचारलं," मार्लिस म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बोला."

मला वाक्य जुळवायला वेळ लागतो, आणि माणसं घाबरली की माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात. तिने केलं नाही. हाताची घडी घालून थांबली, बस यायची वाट बघतात तशी. मॅनेजरने दोनदा घसा खाकरला.

"मला," मी म्हणालो, "वाचायला येतं."

हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण बावीस वर्षं तेच तोंडात साठलं होतं, आणि तेच बाहेर पडलं.

"काय वाचता?"

"सगळं. तो भिंतीवरचा कागद पण."

ती उठली, भिंतीपाशी जाऊन कागद वाचला आणि परत येऊन बसली. "मग आपल्याला बरंच काम आहे," म्हणाली.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती वेलदोड्याचा पाव कापत होती. तिच्या हातातली सुरी थांबली.

"आणि तुझं औषधाचं कार्ड?"

आमच्या लोकांना घरी बसवायचं हे जुनं औषध आहे. कमावलंस तर सरकारी इलाजाचं कार्ड जाईल, मग पाठीची इंजेक्शनं, वॉकर, डॉक्टर, सगळं तुझ्या खिशातून. शेजारणीच्या भाच्याचं गेलं होतं म्हणे. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. ती गेल्यावर माझं काय, या एकाच विचारावर तिने निम्मं आयुष्य काढलंय. तिला मी दोष देत नाही.

मार्लिस कागदांची पिशवी घेऊन घरी आली. आमच्या राज्यात काम करणाऱ्या अपंग माणसाला महिन्याला थोडी रक्कम भरून कार्ड चालू ठेवता येतं, हे तिने समजावलं. आईने तोच प्रश्न चार वेळा विचारला. मार्लिसने चारही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर दिलं. पाचव्यांदा तिने सरळ फोन लावला. हेच बघणारा एक सरकारी माणूस असतो, त्याच्याशी आईला बोलायला दिलं.

फोन ठेवून आई म्हणाली, "तुम्ही मला वेडी समजत असाल."

"मी त्याला स्वतः तीन वेळा विचारलंय," मार्लिस म्हणाली. "हा पाव अजून मिळेल का?"

नोकरी तिने कशी मिळवली हेही सांगतो, कारण ती जाहिरात बघून मिळालेली नाही. सरोवराच्या बंदराजवळ एक गोदाम आहे. लोहखनिज भरायला येणाऱ्या बोटींना तिथून माल जातो: मांस, दूध, बटाटे, टॉवेल, दोरखंड, बल्ब, हातमोजे. मार्लिस तिथे दोन आठवडे नुसती कोपऱ्यात उभी राहिली आणि बघत राहिली. मग गोदामाच्या मुकादमाला, ड्वेन सॅव्हलाला म्हणाली, "तुमची माणसं रेड्यासारखी ताकदवान आहेत, पण यादी कोणी वाचत नाही. गेल्या दोन आठवड्यांत मालाची सहा पॅलेट चुकीच्या बोटींवर गेली."

"सात," ड्वेन म्हणाला. "एक तुला दिसलं नाही."

"माझ्याकडे यादी वाचणारा माणूस आहे."

म्हणजे असं काम तिथे नव्हतंच. लोडरांच्या कामातला जो तुकडा त्यांना नकोसा होता तो तिने कापून काढला आणि माझ्या मापाने शिवला. दाराशी एक टेबल. कर्टिस नावाचा फोर्कलिफ्टवाला माल रचलेलं लाकडी पॅलेट आणून समोर ठेवणार. मी यादी वाचणार, खोकी मोजणार. बरोबर असलं तर हिरवी चिठ्ठी चिकटवायची, चुकलं असलं तर लाल. हिरवीशिवाय काही ट्रकमध्ये चढायचं नाही. नव्वद दिवस बघू, ड्वेन म्हणाला. जमलं तर कायम, पूर्ण पगारावर, बाकीच्यांसारखं. नाही जमलं तर परत टेकडीवर, स्क्रू आणि चकत्या.

पहिल्या दिवशी ड्वेनने मार्लिसला विचारलं, "त्याला कॉफी चालते का?"

मार्लिस छताकडे बघायला लागली. ही तिची सवय. माझ्याबद्दल कोणी तिला विचारलं की तिला एकदम छतात काहीतरी दिसायचं. ड्वेनने पण वर बघितलं. बराच वेळ काहीच दिसेना तेव्हा माझ्याकडे वळला.

"कॉफी घेणार का रे?"

"काळी," मी म्हणालो. "स्ट्रॉ टाकून."

काम मला आलं. खरं सांगतो, पहिल्या आठवड्यातच आलं. बोटींची नावं, कुठल्या स्वयंपाक्याला कुठलं लोणी लागतं, कोण नेहमी चाळीस पौंड लिहितो आणि त्याला हवे असतात चौदा, सगळं डोक्यात बसलं. बावीस वर्षं रिकामं पडलेलं डोकं, जागा भरपूर होती.

आता कोचचं कसब असं असतं, की हळूहळू नाहीसं व्हायचं. पहिले दोन आठवडे मार्लिस माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसली. मग खांबापाशी गेली, मग वरच्या ऑफिसच्या काचेमागे. दहाव्या आठवड्यात ती बाहेर आपल्या गाडीत बसून कागद भरायला लागली. माझ्या टेबलावरून दारातून गाडी समोरच दिसायची. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. ऐंशीव्या दिवशी ती म्हणाली, "उद्या मी येत नाही. तुम्हाला माझी गरज नाही." मीही मान्य केलं. छाती फुगली होती माझी.

दुसऱ्या दिवशी, नोव्हेंबरातला बुधवार. सरोवरावर वादळ यायचं होतं आणि एका बोटीच्या कप्तानाला त्याच्या आधी निघायचं होतं. कर्टिसने सकाळी पहिलंच त्या बोटीचं पॅलेट समोर ठेवलं. मी यादी वाचली, खोकी मोजली. तंतोतंत बरोबर. हिरवी चिठ्ठी बोटाला चिकटवली, हात उचलला.

आणि थांबलो.

कशासाठी थांबलोय हे मला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की अजून झालेलं नाही. काहीतरी यायचंय, मग चिकटवायचं. चिठ्ठी बोटावर, हात वर. कर्टिसने बघितलं, त्याला वाटलं माझी मोजणी चाललीय. तो दुसऱ्या कामाला गेला. मी दारातून बाहेर बघत होतो. जिथे गाडी असायची तिथे नुसती ओली जागा होती.

पस्तीस मिनिटं. नंतर ड्वेननेच हिशेब केला.

बोट माल न घेता गेली. वादळापुढे कोणी थांबत नाही. पुढच्या बंदरात त्यांनी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून माल घेतला, आणि तो स्वयंपाकी फोनवर ड्वेनला जे बोलला ते फोन टेबलावर ठेवूनही ऐकू येत होतं.

"तू करत काय होतास?" ड्वेनने मला विचारलं. ओरडला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"थांबलो होतो."

"कशाला?"

डोकं शाबूत आहे म्हणून सगळ्यांना सांगत फिरणारा मी, आणि त्या डोक्यात उत्तर नव्हतं. त्या क्षणी मला वाटलं, मॅनेजर खरं बोलत होता. आर्वो तिथेच खूश आहे.

ड्वेनने मार्लिसला फोन केला. वीस मिनिटांत ती आली, अंगावर घरातला स्वेटर, पायात तेच बूट.

"उद्यापासून नको," ड्वेन म्हणाला. "माणूस चांगला आहे. कर्टिसपेक्षा चांगलं वाचतो."

"माझ्यापेक्षा माझी कुत्री चांगलं वाचते," फोर्कलिफ्टवरून कर्टिस म्हणाला.

"पण हे मला परवडणार नाही, मार्लिस. मला असा माणूस हवा जो थांबत नाही."

मार्लिसने त्याला हाताने गप्प केलं आणि माझ्यासमोर खोक्यावर बसली. "आर्वो, शेवटचं खोकं मोजलंत. पुढे काय झालं? सांगू नका. करून दाखवा."

मी चिठ्ठी बोटाला लावली, हात उचलला, तिच्याकडे बघितलं. ती लक्ष देऊन बघत होती, आणि बघता बघता तिने मान हलवली. अगदी थोडी. झोपेत माणूस कूस बदलतो तितकी.

माझा हात खाली आला आणि चिठ्ठी खोक्यावर चिकटली.

कर्टिसने इंजिन बंद केलं. मार्लिसच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, वरून खाली, पेल्यातलं दूध उतरावं तसा.

"अरे देवा," ती म्हणाली. "पुन्हा करा."

पुन्हा केलं. ती मान ताठ ठेवून बसली, आणि माझा हात हवेतच राहिला.

"ड्वेन," ती म्हणाली, "ही चूक यांची नाही. माझी आहे. हे प्रत्येक चिठ्ठीला माझ्याकडे बघत होते आणि मी प्रत्येक चिठ्ठीला मान हलवत होते. गाडीच्या काचेतून पण हलवत असणार. मी लांब लांब गेले, पण मान इथेच ठेवून गेले."

"म्हणजे अकरा आठवडे तू मान डोलावत बसलीस?"

"हो."

"आणि सरकार तुला त्याचा पगार देतं?"

"हो."

कर्टिस खो खो हसायला लागला. ड्वेनलाही हसू आलं, पण त्याने ते मिशीत दाबलं. मग मी टेकडीवरची रीत सांगितली. वर धरलेली पिशवी, टेबलांमधली बाई, उपडं केलेलं खोकं. सांगायला सात-आठ मिनिटं लागली, आणि ते तिघंही थांबले. अर्ध्यावर ड्वेनचं हसू गेलं.

"बावीस वर्षं?" त्याने विचारलं. थेट मला.

"बावीस."

"नव्वदाला नऊ दिवस उरलेत," ड्वेन म्हणाला. "तेवढे घे. एकही जास्त नाही. सणाच्या आधी मी इथे शाळा चालवू शकत नाही."

त्या संध्याकाळी मार्लिसने सरकारला अहवाल लिहिला आणि पाठवायच्या आधी मला वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं: कोचच्या चुकीमुळे एका ग्राहकाचं नुकसान झालं, कामगाराने काम बरोबर केलं होतं. खाली सही, पूर्ण नाव. तिची सव्वीस वर्षांची नोकरी, आणि वरचे साहेब अशा वाक्यांवर काय करतात ते तिला ठाऊक होतं. मी ते वाक्य तीन वेळा वाचलं. मी हजर असताना चूक दुसऱ्या कोणाची निघाली असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आम्ही फार सोयीचे असतो हो त्या बाबतीत. पेला फुटला, आर्वोचा धक्का लागला असेल. हिशेब चुकला, आर्वोने मोजलं असेल. आणि इथे एक बाई आपल्या नावापुढे लिहून देत होती. कृतज्ञता म्हणतात ती काय असते हे मला त्या कागदावर कळलं. ती कोणाला दाखवायची इच्छा होत नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली, खुर्ची माझ्या टेबलापासून पाच हातांवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसली.

"मी नसले तर तुम्ही मला शोधत राहाल," भिंतीला म्हणाली. "म्हणून मी आहे. पण मान मिळणार नाही."

पहिलं पॅलेट आलं. यादी बरोबर, मोजणी बरोबर, चिठ्ठी बोटावर. समोर तिची पाठ, स्वेटरची सुटलेली वीण. मी थांबलो. अकरा मिनिटं.

"मार्लिस."

"हं."

"वळा ना."

"नाही."

"एकदाच."

"नाही."

मी तिला शिवी दिली. मी शिव्या फार स्पष्ट देतो, बाकीच्या शब्दांपेक्षा स्पष्ट.

"छान," ती भिंतीला म्हणाली. "अजून येतात का?"

येत होत्या. सगळ्या संपल्या तेव्हा चिठ्ठी चिकटलेली होती. कधी चिकटवली ते मलाच कळलं नाही. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कर्टिसने पॅलेट उचललं तो आवाज तिने ऐकला असणार. ती सूर्यफुलाच्या बिया चघळत होती आणि टरफलं कागदी पेल्यात थुंकत होती, आणि काही क्षण ते थुंकणं थांबलं, एवढंच.

"लेका आर्वो," कर्टिस जाताना म्हणाला, "या बाईचं त्या भिंतीशी लग्न लावायचं ठरलंय का?"

दुसरं सहा मिनिटांत झालं, तिसरं पुन्हा नऊ. चौथ्या दिवशी मी सकाळपासून दुपारपर्यंत सात पॅलेट सोडली. घरी जाऊन सकाळपर्यंत झोपलो. आई दोनदा येऊन श्वास बघून गेली.

सहाव्या दिवशी मी चुकलो. यादीत अंड्यांची तीन खोकी होती, पॅलेटवर दोन. मी तीन मोजली. कशी मोजली देव जाणे. हिरवी चिकटवली, माल गेला, आणि दोन तासांनी कर्टिस गोदीवरून परत आला तो गरजतच.

"आर्वो, आंधळ्या! अंडी कुठायत? तो स्वयंपाकी कढई घेऊन माझ्या अंगावर आला! एका खोक्यासाठी आता पुन्हा चार मैल जायचं मी?"

गोदामातले सगळे बघायला लागले. मी म्हणालो, "आंधळेपणाच तेवढा राहिला होता रे माझ्यात. आता पूर्ण झालं."

हसून हसून कर्टिसने फोर्कलिफ्टचं चाक धरलं. "मर तिकडे," म्हणाला आणि अंडी घेऊन गेला.

कोणी मला राजा म्हणालं नव्हतं. कोणी 'असू दे, असू दे' म्हणालं नव्हतं. बाकीच्या लोडरांना जशी आई-बापावरून उद्धारतात तसंच मला उद्धारलं होतं.

मार्लिस भिंतीकडे बघत बसली होती.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"कॉफी आणायला उठले तेव्हा दिसलं. दोनच होती."

"आणि बोलला नाहीत."

"नाही."

"अंडी गेली."

"गेली." तिने टरफल थुंकलं. "जीभ चावून बसले होते. पण ती चूक तुमची होती. मी घेतली असती तर तुमच्याकडे काय उरलं असतं?"

तिने पहिली चूक स्वतःकडे घेतली, कारण ती तिची होती. दुसरी माझ्याकडे राहू दिली, कारण ती माझी होती. एवढं साधं आहे. आणि हे एवढं साधं करणारा दुसरा माणूस मला सेहेचाळीस वर्षांत भेटला नाही. डॉक्टर नाही, पाद्री नाही, टेकडीवरच्या त्या शाब्बास बाया तर नाहीतच.

नव्वदावा दिवस शुक्रवार होता. मार्लिस त्या दिवशी वरच्या खोलीत होती, काचेपासून लांब. दुपारी दोन बोटी एकदम आल्या. ड्वेन स्वतः खाली उतरून खोकी उचलत होता, घामाने भिजलेला, थंडीत वाफ निघत होती त्याच्या अंगातून. एक पॅलेट माझ्यासमोर आलं. यादीत दुधाची बारा खोकी, पॅलेटवर दहा. या वेळी मी दोनदा मोजली. लाल चिठ्ठी लावली.

"हे काय?" ड्वेन ओरडला. "ट्रक थांबलाय! हिरवी लाव!"

"दोन कमी."

"माहितीये मला. स्वयंपाक्याने फोन करून कमी केली. लाव हिरवी!"

"यादीत बारा आहेत."

"अरे मी सांगतोय ना! मी! मुकादम!"

सगळं गोदाम थांबलं. मुकादम माझ्या डोक्यावर उभा राहून नुसती मान हलवत नव्हता, आख्खं शरीर हलवत होता. मला हवी होती त्याहून कितीतरी मोठी खूण मिळत होती. आणि हिरवी लावली असती तर तो दिवस माझा होता, नोकरी खिशात होती. हात उचललाही मी. पण माझ्या डोळ्यांपुढे कागद होता आणि कागदावर बारा लिहिलेलं होतं.

"लिहा," मी म्हणालो.

"काय?"

"यादीवर. बाराचे... दहा. आणि सही."

बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवत होता. मग ड्वेनने माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं, कागद फाटेल असा आकडा खोडला, दहा लिहिले, सही ठोकली आणि पेन टेबलावर आपटलं. मी लाल काढली, हिरवी लावली. कर्टिसने पॅलेट उचललं आणि मला डोळा मारला.

पाच वाजता ड्वेनने मार्लिसला आणि मला वर बोलावलं. टेबलावर त्याने पाय ठेवले होते.

"तो बरोबर नव्हता," ड्वेन मार्लिसला म्हणाला. "दूध दहाच हवं होतं."

मार्लिसला छतात काहीतरी दिसलं.

ड्वेनने उसासा टाकला आणि माझ्याकडे वळला. "तू बरोबर नव्हतास."

"कागद बरोबर नव्हता," मी म्हणालो.

त्याने मिशी ओढली. "सोमवारी सहाला ये. बाकीच्यांबरोबर. उशीर झाला तर पगार कापीन, तुझा वॉकर बर्फात अडकला वगैरे मी ऐकणार नाही." मग म्हणाला, "बर्फ मी साफ करून घेतो दाराशी. ते माझं काम आहे."

सही करायच्या आधी मी कागद वाचायला मागितला. चार पानं होती. दोघं थांबले. शेवटच्या पानावर एक रिकामी जागा होती: यापुढे कोचची मदत किती लागेल?

"महिन्यातून एक फोन?" मार्लिसने विचारलं. "की येऊन जाऊ?"

"फोन चालेल," मी म्हणालो. "येऊ नका."

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते तिचे, आणि ती हसत होती. तिच्या धंद्यात याहून चांगलं काही कोणी बोलू शकत नाही हे तिला कळलं, आणि मला ते कळूनच मी बोललो हेही तिला कळलं. तिने त्या जागेत स्वतःच्या हाताने लिहिलं: भेटीची गरज नाही.

"सोमवारी माझी नवी माणसं आहेत," कोट चढवत ती म्हणाली. "बेकरीत एक बाई आहे, दिसत नाही तिला. तिच्याबरोबर मान हलवायची सोय नाही, तेवढं बरं."

ती जिना उतरली. मला तिला गाडीपर्यंत जाताना बघायचं होतं, निदान तेवढं तरी. वॉकर घेऊन मी जिन्याशेजारच्या लिफ्टमधून खाली आलो, दाराशी पोचलो. पण दुसऱ्या बोटीचं शेवटचं पॅलेट टेबलासमोर येऊन पडलं होतं आणि कर्टिस फोर्कलिफ्टवरून खेकसत होता, "चल ना लवकर, मला घरी जायचंय!" मी यादी उचलली. बटाटे सहा, कांदे चार, मांस आठ, साबण एक. दोऱ्या दोन, पण लिहिल्या होत्या तीन. लाल चिठ्ठी लावून मान वर केली तेव्हा बाहेरची जागा रिकामी होती, आणि कर्टिस दोरी शोधायला शिव्या देत आत गेला होता.